वॉकर आणि परीट

नेदरलँड्समधल्या रायस्वाइकच्या एका रांगेतल्या घरांमध्ये अजित वाठारकर राहायला आला, तेव्हा शेजारच्या दारावर 'वॉकर' हे नाव वाचून त्याला बरं वाटलं होतं. बाकीच्या पाट्यांवरची डच आडनावं त्याच्या जिभेला वळत नसत. वॉकर म्हणजे चालणारा. नावात अडखळण्यासारखं काही नव्हतं.

अजित डेल्फ्टमधल्या एका कंपनीत पाण्याच्या पंपांची सॉफ्टवेअरं बघायचा आणि रोज सायकलनं जायचा-यायचा. बायको निशिगंधा पुण्याची. तीही आयटीतच, हेगला. मुलगी जुई इथंच जन्मली, इथल्याच शाळेत वाढली. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत नाहीतर डचमध्ये यायचं. अजित मराठी मंडळाच्या कमिटीवर होता. गणपतीला हॉल मिळवण्यापासून सतरंज्या झटकण्यापर्यंत सगळ्यात पुढे. बोलायला गोड, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशा माणसाला लोक फार प्रश्न विचारत नाहीत आणि अजितला तेच हवं होतं.

त्याचं जन्माचं आडनाव परीट. कराडला वडिलांचं लाँड्रीचं दुकान होतं, अजूनही आहे. वडील, म्हणजे आण्णा, दुकानामागच्या खोलीत राहून धुणं, नीळ, खळ, इस्त्री करत आले आणि त्याच पैशावर अजित इंजिनिअरिंगला गेला. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात, दारावरचं नाव वाचून कुणीतरी मळक्या कपड्यांची बादली त्याच्या उंबऱ्याशी ठेवून गेलं. सोबत काही लिहिलेलं नव्हतं, नुसतं व्हरांड्याच्या टोकाला हसणं ऐकू येत होतं. अजितनं ती बादली उचलली नाही, लाथाडलीही नाही. दिवसभर तो ती ओलांडून येत-जात राहिला. संध्याकाळी ज्याची त्यानं नेली.

दिवाळीच्या सुटीत तो घरी आला आणि आडनाव बदलायचं म्हणाला. बादलीबद्दल काही बोलला नाही. आण्णांनी हातातली इस्त्री उभी केली, थोडा विचार केला.

"शिकल्याल्या माणसाला बरं पडत आसंल तर बदल," ते म्हणाले. "आपल्या मूळ गावाचं नाव लाव. वाठारकर. चांगलं दिसतंय."

नाव बदललं, पण तेवढ्यावर भागलं नाही. नवीन नावामागे नवीन घरही उभं करावं लागलं. कुणी विचारलं, "वाठारला काय, शेती का?" की अजित म्हणायचा, "होती थोडी." वडील काय करतात, तर "कापडाचा व्यवसाय." सरळ खोटं त्यानं क्वचितच सांगितलं असेल. समोरचा स्वतःच जे धरून चालायचा ते तो मोडत नसे, इतकंच. निशिगंधाला लग्नाआधीपासून सगळं माहीत होतं. तिच्या आईवडिलांनीही आडकाठी केली नाही, फक्त एवढं म्हणाले, "आमच्या नातेवाइकांत उगाच विषय नको." तो विषय कधी निघालाच नाही. जुईच्या कानावर तर काहीच पडलं नव्हतं. कराडचं दुकान तिनं लहानपणी पाहिलं होतं, पण आजोबांचं दुकान आहे यापलीकडे तिला त्यात काही वाटलं नव्हतं.

अजितची आई गेल्यावर आण्णा एकटे पडले. दुकान भाच्याच्या हाती देऊन या वसंतात ते पहिल्यांदाच नेदरलँड्सला आले. तिसऱ्या दिवशी त्यांना घरातली इस्त्री सापडली. मग रोज सकाळी चहा झाला की ते जुईचे शर्ट, निशिगंधाचे कुडते, अजितच्या पँटी अशा परीटघडीत घालून ठेवायचे की कपाट उघडलं की दुकानात उभं राहिल्यासारखं वाटावं. निशिगंधाला मनापासून आनंद व्हायचा. अजित म्हणायचा, "आण्णा, राहू द्या, आराम करा." आणि कुणी येणार असलं की इस्त्रीचं टेबल मिटवून जिन्याखाली सारायचा. आण्णांना ते कळत होतं की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून समजायचं नाही.

शेजारचा ग्रॅहॅम वॉकर मूळचा इंग्लंडमधल्या हडर्सफिल्डचा. डच बायको, मार्लीस, हिच्यासाठी इकडे आला आणि हेगच्या एका शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाला. आण्णा दारात उन्हाला बसलेले दिसले तेव्हा तो कुंपणापलीकडून हात पुढे करून म्हणाला, "ग्रॅहॅम वॉकर." आण्णांनी हात हातात घेऊन सांगितलं, "शंकर परीट."

दोन दिवसांनी ग्रॅहॅमनं अजितला गाठलं. "तुझ्या वडिलांचं आडनाव वेगळं आहे?"

"आमच्याकडे असतं असं कधी कधी," अजित म्हणाला आणि सायकल घेऊन निघाला.

मग मार्लीसचा साठावा वाढदिवस आला. रविवारची दुपार होती. डच रिवाजाप्रमाणे दिवाणखान्यात खुर्च्या गोल मांडलेल्या, मध्ये कॉफी आणि क्रीमचा केक. आत येणारा प्रत्येक जण मार्लीसचंच नव्हे तर तिच्या नवऱ्याचं, बहिणीचं, शेजाऱ्यांचंही अभिनंदन करत गोलाभोवती फिरायचा. आण्णांचाही हात चार-पाच जणांनी हलवला.

"माझं कशाला अभिनंदन?" त्यांनी जुईला हळूच विचारलं.

"सगळ्यांचं करतात, आजोबा," जुई इंग्रजीत म्हणाली. आण्णांना त्यातलं 'आजोबा' कळलं, आणि ते खुशीत बसले.

गोलात समोरच्या बाजूला देवदत्त आणि अश्लेषा होते. देवदत्त मराठी मंडळाचा अध्यक्ष. अश्लेषा मार्लीसबरोबर पोहायला जायची, म्हणून त्यांना बोलावणं होतं. ते दोघं येणार हे अजितला माहीत नव्हतं. त्यांना बघितल्यावर तो आण्णांच्या शेजारच्या खुर्चीवर जरा पुढे सरकून बसला.

मार्लीसच्या बहिणीनं गमतीनं ग्रॅहॅमला म्हटलं, "वॉकर असून तू गाडीशिवाय हलत नाहीस."

ग्रॅहॅम याचीच वाट बघत असावा. निवृत्तीनंतर त्याला आडनावांचा नाद लागला होता.

"वॉकर म्हणजे चालणारा नव्हे," तो म्हणाला. "जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ लोळवणं, तुडवणं. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड खरखरीत असायचं. ते मोठ्या हौदात टाकायचे, आणि त्यात माणसं उघड्या पायांनी तासन्‌तास ते तुडवायची. मग कापड आवळून यायचं, मऊ व्हायचं. हौदात काय असायचं माहीत आहे? शिळं मूत."

मार्लीसनं केकची सुरी खाली ठेवली. "दर वाढदिवसाला हेच सांगतो," ती म्हणाली. सगळे हसले.

"मग मी सांगणारच ना!" ग्रॅहॅम म्हणाला. "गंमत पुढे आहे. काम एकच, पण इंग्लंडच्या आग्नेयेला त्या माणसाला फुलर म्हणायचे, नैर्ऋत्येला टकर, आणि उत्तरेला वॉकर. शेकडो वर्षं झाली, तरी आजही नकाशावर बघा. डेव्हनमध्ये टकर सापडतील आणि यॉर्कशायरमध्ये वॉकर. लोक हलले, गिरण्या आल्या, बंद पडल्या, नावं बरीचशी तिथंच राहिली. काही बोटीत बसून अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला गेली. अमेरिकेत तर खूप काळे लोक वॉकर आहेत. त्यांच्या पूर्वजांना ते नाव कुठल्यातरी मालकाकडून मिळालं. म्हणजे सगळे वॉकर माझे भाऊबंद नव्हेत. पण माझे स्वतःचे पूर्वज मात्र गुडघाभर मुतात उभं राहून पोट भरायचे. आणि मला त्याचा अभिमान आहे."

जुई आण्णांच्या कानाशी लागून तुटक मराठीत सांगत होती. 'मूत' हा शब्द तिला नेमका येत होता, तो तिनं जरा मोठ्यानंच म्हटला. आण्णांचे डोळे चमकले.

ग्रॅहॅम त्यांच्याकडे वळला. "आणि मिस्टर परीट, तुमच्या नावाचा अर्थ काय?"

अजितनं प्रश्न मराठीत सांगितला. न सांगून चालणार नव्हतं, 'परीट' हा शब्द आण्णांनी ऐकलाच होता. आण्णा ताठ बसले. इतक्या लोकांसमोर त्यांना कुणी एवढ्या आदरानं काही विचारल्याला बरीच वर्षं झाली असतील.

"त्यास्नी सांग," ते म्हणाले, "परीट म्हणजे गावाची धुणी धुणारा. माझा आजा, पणजा, सगळे नदीवर. खारी माती लावायची, भट्टी लावायची, मग दगडावर आपटायचं. ह्यांचं मूत, आमची माती, एवढाच फरक. आन्‌ सांग, लग्नात नवरदेवाच्या पायाखाली पायघड्या घालायचा मान आमचा. परीट आल्याबिगर वरात पुढं सरकायची न्हाई."

सगळे अजितकडे बघत होते. देवदत्त आणि अश्लेषाही बघत होते, आणि त्यांना भाषांतराची गरज नव्हती. पण त्या क्षणी अजितला एवढंही सुचलं नाही. वीस-बावीस वर्षांच्या सवयीनं त्याचं तोंड आपोआप उघडलं.

"ते म्हणतात," तो इंग्रजीत म्हणाला, "हे एक जुनं नाव आहे. घराण्याचा कापडाचा व्यवसाय होता. आणि गावच्या लग्नसमारंभात आमच्या घराला मान असायचा."

"अच्छा! व्यापारी!" ग्रॅहॅम म्हणाला.

"ते असं नाही म्हणाले," जुई म्हणाली.

इंग्रजीतच म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. तिला बापाला उघडं पाडायचं नव्हतं. शाळेत कुणी चुकीचं उत्तर दिलं की ती जशी बरोबर उत्तर सांगते, तसंच तिनं सांगितलं. "आजोबा म्हणाले, ते सगळ्या गावाचे कपडे धुवायचे. नदीवर. दगडावर आपटून. आणि लग्नात नवऱ्या मुलाला चालायला कापड अंथरायचे. बाबा, तुम्ही ते का नाही सांगितलं?"

ग्रॅहॅम खुर्चीतून उठलाच. "म्हणजे आपण एकाच धंद्यातले!" म्हणून त्यानं आण्णांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. मार्लीसच्या बहिणीनं टाळ्या वाजवल्या. डच मंडळींच्या दृष्टीनं एका गमतीदार गोष्टीला आणखी गमतीदार गोष्ट मिळाली होती.

अजित मात्र समोर बघत होता. अश्लेषा बशीतला केक काट्यानं बारीक करत होती. देवदत्त "वा, मस्त" असं कुणालाही उद्देशून नसल्यासारखं म्हणाला आणि कॉफी घ्यायला उठला. निशिगंधानं मान खाली घातली होती. अजितचे कान इतके तापले की त्याला वाटलं ते सगळ्यांना दिसत असणार.

आणि आण्णा हसता हसता थांबले होते. ग्रॅहॅमचा हात हातात असतानाच ते मान वळवून मुलाच्या चेहऱ्याकडे बघत होते. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. पण नात मध्येच का बोलली, आणि ती बोलल्यावर पोराचा चेहरा असा का पडला, हे समजायला भाषा लागत नव्हती.

घर शेजारीच, त्यामुळे रस्त्यात बोलायला वेळच नव्हता. दार लावल्यावर आण्णांनी विचारलं, "तू काय सांगितलंस त्यास्नी?"

"आण्णा, कापडाचा व्यवसाय असं सांगितलं. इंग्रजीत त्याला नीट शब्द नाही."

"पोरीला घावला की शब्द."

अजित वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला.

"नाव बदल म्हनालो हुतो मी," आण्णा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "बाप बदल म्हनालो न्हवतो."

ते वर त्यांच्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीला हात लावला नाही. चहा पिऊन खिडकीत बसून राहिले. जुई चुरगळलेला शर्ट घालून शाळेत गेली. अजितला जे इतके दिवस हवं होतं ते झालं होतं. जिन्याखालचं टेबल मिटलेलंच राहिलं.

त्या दुपारी ऑफिसात देवदत्तचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "अरे, कालचं मनाला लावून घेऊ नकोस. हल्ली कोण बघतं असलं काही? आणि काळजी करू नकोस. मंडळात मी कुणाला बोलणार नाही, अश्लेषालाही सांगून ठेवलंय."

"थँक्स," अजित म्हणाला.

फोन ठेवल्यावर तो स्क्रीनकडे नुसता बघत बसला. लाज कशाची वाटते हे त्याला त्या दिवसापर्यंत ठाऊक होतं असं तो समजत होता. परीट असल्याची लाज, मग ती लपवल्याची लाज. पण आपला बाप कोण आहे हे कुणाला सांगणार नाही, असं एक माणूस भलेपणानं म्हणाला आणि आपण त्याचे आभार मानले, हे त्या सगळ्याहून वाईट होतं. तो शब्द परत घेता येत नव्हता. पुन्हा फोन करून काय सांगायचं हेही त्याला सुचेना.

घरी त्यानं निशिगंधाला हे सांगितलं. ती भाजी चिरत होती.

"मला काय सांगतोस," ती म्हणाली. "मराठी मलाही कळतं. तू चुकीचं सांगत होतास तेव्हा मीही ऐकत होते. बोलली ती जुई." मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "आपण तिला लपवायला शिकवलं नाही म्हणून ती बोलली."

त्या आठवड्यात ग्रॅहॅम दारात आला. लायडनला जुन्या कापडबाजाराच्या इमारतीत म्युझियम आहे, तिथं कापड तुडवणाऱ्यांचं चित्र आहे, मिस्टर परीटना ते दाखवायचं आहे, असं म्हणाला. लायडनमध्ये त्या लोकांच्या नावाचा एक जुना रस्ताही आहे. आण्णा लगेच तयार झाले. जुई दुभाषी म्हणून जाणार हे कुणी न ठरवताच ठरलं. "तू येतोस ना?" ग्रॅहॅमनं अजितला विचारलं. अजित म्हणाला, "ऑफिसचं काम आहे."

काम नव्हतं. शनिवारी ते तिघं गेल्यावर तो घरभर फिरला, लॅपटॉप उघडला, मिटला. शेवटी त्यानं जाकीट घातलं आणि स्टेशनवर जाऊन लायडनची गाडी पकडली. पोचल्यावर काय बोलायचं हे त्यानं गाडीत दोन-तीन तऱ्हांनी जुळवून पाहिलं. एकही वाक्य आण्णांसमोर उभं राहील असं वाटेना.

म्युझियमच्या एका दालनात ते तिघं मोठ्या चित्रासमोर उभे होते. चित्रात माणसं उघड्या पोटऱ्यांनी हौदात उभी होती. आण्णा बोट दाखवून जुईला काही सांगत होते, जुई ते ग्रॅहॅमला सांगत होती आणि ग्रॅहॅम मान हलवत होता. अजित मागे थांबला. आण्णांचा आवाज त्यानं कित्येक वर्षांत असा ऐकला नव्हता. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना असायचा तसा, मोकळा.

जुई अडखळली. इकडे तिकडे बघताना तिला अजित दिसला.

"बाबा, भट्टी म्हणजे काय?"

आण्णांनी वळून पाहिलं. आश्चर्य दाखवलं नाही, हाकही मारली नाही.

अजित पुढे आला. ग्रॅहॅमला सांगू लागला. कपडे सोड्याच्या पाण्यात भिजवून मोठ्या भांड्यावर रचायचे, खालून जाळ लावायचा, वाफेनं मळ सुटेपर्यंत राखत बसायचं. "माझी आजी करायची," तो म्हणाला. "वडील करायचे. लहानपणी मीही जाळ राखायला बसलोय. माझं आडनाव परीटच होतं. मी बदललं." आवाज त्याला वाटला होता त्याहून बारीक निघाला.

ग्रॅहॅमनं शांतपणे ऐकून घेतलं. आण्णांनीही, त्यातला एक शब्द न कळता, अजितचं पुरं होऊ दिलं. मग ते नातीकडे वळले.

"बरोबर सांगितलं का त्यानं?"

"हो, आजोबा," जुई मराठीत म्हणाली. "सगळं बरोबर."

आण्णांनी मान डोलावली आणि पुढच्या चित्राकडे गेले. अजित तिथंच उभा राहिला. बाप आपल्या शब्दाची खात्री आपल्या पोरीकडून करून घेतो, हे त्यानं त्या दालनात, परक्या माणसांच्या गर्दीत पाहिलं. रागवायला त्याच्याकडे जागाच नव्हती.

परतीच्या गाडीत आण्णा त्याच्याशी बोलले. भाच्यानं दुकानाचं शटर दुरुस्त करून घेतलं का ते विचार, असं काहीसं. नेहमीचं. पुढे ते इस्त्रीही करू लागले, पण फक्त जुईच्या कपड्यांना. जुलैत ते परत गेले.

गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये एक नवीन आलेले गृहस्थ, श्रेयस नावाचे, अजितशी गप्पा मारत होते. एंडहोवनला चिपच्या कारखान्यात होते, मूळचे कराडचे निघाले.

"वाठारकर म्हणजे वाठारचेच ना? कोणत्या घरातले?"

देवदत्त बाजूलाच उभा होता. तो चटकन म्हणाला, "चला चला, आरतीला उशीर होतोय."

"परीट," अजित म्हणाला. "आडनाव परीट आहे आमचं. कराडला बसस्टँडच्या मागे लाँड्री आहे ना, ती वडिलांची."

"अच्छा," श्रेयस म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "माझे वडील तिथंच कपडे टाकायचे." मग तेही आरतीला वळले. देवदत्त अजितकडे असा बघत होता की जणू त्यानं दिलेलं काही अजितनं त्याच्यासमोर फेकून दिलं होतं. अजितचे कान तापले होते. ते तापणार नाहीत असं त्याला वाटलं होतं, पण तसं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं कराडला फोन लावला. हे आण्णांना सांगायचं, असं त्यानं घोकून ठेवलं होतं. मागे दुकानात गलका चालला होता.

"गणपतीची गर्दी हाय," आण्णा म्हणाले. "सदऱ्यांचा ढीग पडलाय. बोल लवकर."

"आण्णा, काल मंडळात..."

"बरं, ते र्‍हाऊ दे. जुई हाय का? तिला दे."

अजितनं जुईला हाक मारली आणि फोन तिच्या हातात दिला.